एनएफएस थ्रीची जुनी सीडी, विंडोज ११ आणि हट्टी सेटअप

दादाचा मेसेज आला, "ते पोलिसवालं एनएफएस तुझ्या नव्या लॅपटॉपवर चालेल का रे? पोरं सुट्टीला येतायत." पोलिसवालं म्हणजे नीड फॉर स्पीड थ्री हॉट पर्सूट, १९९८ चं. आमच्याकडे ओरिजिनल सीडी आहे, बाबांनी कॉम्प्युटरबरोबरच घेऊन दिलेली, आणि मी अगदी सहज "हो चालेल की" म्हणून बसलो. त्यानंतरच्या दोन रात्री काय काय केलं ते इथे लिहून ठेवतोय म्हणजे तुमच्या दोन रात्री तरी वाचतील. एनएफएसच्या निमित्ताने बाकी जुन्या गेमांचंही येईल, कारण रोग साधारण तेच चार-पाच असतात, गेम बदलतो एवढंच.

सगळ्यात आधी एक बघा, तुमचा गेम आज कुठे विकत मिळतोय का. जीओजी नावाची पोलंडची साइट आहे, २००८ पासून जुने गेम नव्या विंडोजवर चालतील असे करून विकते, सेलमध्ये तर वडापाव-चहाच्या पैशात मिळून जातात. स्टीमवरही बरेच आहेत. एज ऑफ एम्पायर्स टूची तर २०१९ ला अख्खी नवी डेफिनिटिव्ह एडिशनच आली, त्यामुळे १९९९ ची सीडी घेऊन झटापट करायची हौसच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मिळत असेल तर शंभर-दोनशे रुपये द्या आणि हा लेख इथेच सोडा, खरंच. एनएफएस थ्री मला असं अधिकृत कुठेच मिळालं नाही म्हणून ही पुढची सगळी भानगड.

आता सीडी. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, कुणाच्याच नसतो आता, म्हणून यूएसबीवाला डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणला. जुनी सीडी घालण्याआधी पुसून घ्या, पण गोल गोल नाही पुसायची, मधल्या भोकाकडून सरळ कडेकडे पुसायची. कारण सीडीवरचा डेटा गोल ट्रॅकमध्ये असतो आणि गोल पुसताना चरा पडला तर तो ट्रॅकच्या बाजूने लांबवर जातो, आडवा चरा ड्राइव्ह सांभाळून घेतो. मग पहिलं काम म्हणजे तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची जशीच्या तशी फाइल, बनवून ठेवणं. मी इमगबर्न वापरलं, फुकट आहे, एखादा सेक्टर वाचता आला नाही तर पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसतं. माझी सीडी एका जागी दहा मिनिटं घरघरत होती, वाटलं गेली, पण शेवटी वाचली बिचारीने. ही इमेज म्हणजेच आयएसओ फाइल झाली की विंडोज ८ पासून पुढे तिच्यावर नुसतं डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. काही जुन्या गेमांचं म्युझिक सीडीवर फाइल म्हणून नसतं, ऑडिओ सीडीसारखे वेगळे ट्रॅक असतात, उदाहरणार्थ १९९६ चा क्वेक. अशा सीडीची आयएसओ बनवलीत तर गेम चालेल पण मुका चालेल आणि तुम्ही साउंड कार्डला शिव्या देत बसाल. त्या सीडीची बिन आणि क्यू अशी दोन फाइलवाली इमेज काढायची. ती मात्र विंडोज आपणहून उघडत नाही, तिला व्हर्च्युअल ड्राइव्हचं सॉफ्टवेअर लागतं. एनएफएस थ्रीला ही कटकट नाही, गाणी फाइलमध्येच आहेत.

तर आयएसओ उघडली, सेटअपवर डबल क्लिक केलं आणि निळ्या पट्टीत आलं, धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी. संपलं. राइट क्लिक, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर, तेच. कंपॅटिबिलिटी मोड (विंडोजला जुन्या विंडोजसारखं वागायला लावणारं सेटिंग) विंडोज ९५, तेच. विंडोज ९८, तेच. इथेच बहुतेक लोक सोडून देतात आणि म्हणतात गेम नव्या विंडोजवर चालत नाही. पण गेमला अजून कुणी हातच लावलेला नाही हो! अडलाय तो सेटअप.

ह्याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. विंडोज ९५ च्या काळातले खूप गेम स्वतः ३२ बिटचे होते पण त्यांचा इन्स्टॉलर, म्हणजे सेटअप, मात्र १६ बिटचा, त्याच्याही आधीच्या पिढीचा, असायचा, कारण तेव्हा लोकांकडे विंडोज ३.१ सुद्धा होतं आणि तिथे कुणी सीडी घातली तर निदान धड मेसेज तरी दिसावा. ३२ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्राम चालवायची सोय होती, एनटीव्हीडीएम म्हणतात तिला, अगदी विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीपर्यंत होती. ६४ बिट विंडोजमध्ये ती दिलेलीच नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. म्हणजे तुम्ही कितीही कंपॅटिबिलिटी मोड बदला, जी खोलीच घरात नाही तिचं दार शोधताय तुम्ही. उलट ३२ बिटचा गेम ६४ बिट विंडोजवर आरामात चालू शकतो, ती सोय अजून आहे.

म्हणून सेटअपशी भांडायचंच नाही, त्याला वळसा घालायचा.

वळसा घालायचे तीन-चार रस्ते आहेत. पहिला आणि माझा आवडता म्हणजे हाताने कॉपी. त्या काळच्या बऱ्याच सीडींवर गेमच्या फाइली उघड्याच पडलेल्या असतात, कॅब फाइलीत (झिपसारखं गाठोडं) कोंबलेल्या नसतात. एनएफएस थ्रीच्या सीडीवर फेडेटा आणि गेमडेटा असे दोन फोल्डर आहेत, गेमचा जीव त्या दोघांतच आहे. सी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर करा, त्यात एनएफएस३ नावाचा करा आणि हे दोन्ही तिकडे टाका, सगळं मिळून एका सीडीत मावणारं म्हणजे ७०० एमबीच्या आतच आहे. प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका हां. जुने गेम सेव्ह फाइल स्वतःच्या फोल्डरमध्येच लिहितात, आणि व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्समध्ये असं कुणालाही लिहू देत नाहीत. मग विंडोज त्या फाइली गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं नाहीतर गेम सेव्हच होत नाही, आणि तुम्ही रात्रभर जिंकलेल्या रेसा सकाळी गायब. माझं एका दुसऱ्या गेमात असं झालंय, तेव्हा मी बहिणीवर आळ घेतला होता, तो अजून फिटलेला नाही.

एनएफएस थ्रीला पुढची पायरी म्हणजे मॉडर्न पॅच. पॅच म्हणजे गेमवर नंतर टाकायची दुरुस्ती, हा एका फॅनने बनवलाय, गेमच्या नावासकट हाच शब्द सर्चमध्ये टाकलात की सापडतो, तो अनझिप करून त्याच एनएफएस३ फोल्डरमध्ये टाकायचा. गेमची मुख्य ईएक्सई फाइल त्यातूनच येते, म्हणून सीडीवरचा सेटअप चालवायची गरजच उरत नाही, मला रजिस्ट्रीतही (विंडोजची सेटिंगांची वही) काही लिहावं लागलं नाही. वाइडस्क्रीनही होतं. सेटिंग एका आयएनआय फाइलमध्ये असतात, ती नोटपॅडमध्ये उघडून वाचा, प्रत्येक ओळीचा अर्थ तिथेच लिहिलेला असतो आणि बदलायच्या आधी तिची एक कॉपी ठेवा एवढंच. डबल क्लिक केलं, ईए ह्या गेमच्या कंपनीचा लोगो आला आणि मी रात्री पावणेदोनला एकटाच टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक गेमचं नशीब इतकं चांगलं नसतं. फाइली कॅबमध्ये असतील तर दुसरा रस्ता, ओटीव्हीडीएम नावाचा एक मोफत ओपन सोर्स प्रोग्राम आहे, तो ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे विंडोज प्रोग्राम चालवतो. सेटअपची फाइल माउसने ओढून त्याच्या आयकॉनवर सोडायची, बरेच इन्स्टॉलर त्याने चालून जातात. सगळे नाही, पण बघायला दोन मिनिटं लागतात.

तिसरा रस्ता, घरात कुठेतरी जुना ३२ बिट विंडोज ७ किंवा एक्सपीवाला डबा पडलेला असेल तर गेम तिथे इन्स्टॉल करा आणि अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवरून नव्या मशीनवर आणा. डबा नसेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) एक्सपी टाकूनही हेच करता येतं, तुमच्याकडे एक्सपीची सीडी आणि लायसन्स की असेल तर. व्हर्च्युअल मशीन फक्त इन्स्टॉलपुरती वापरायची, खेळायचं बाहेर, कारण आत थ्रीडीचा वेग रडका असतो. ह्यात गोम अशी की काही गेम सुरू होताना रजिस्ट्रीत स्वतःचा पत्ता शोधतात आणि नुसता फोल्डर आणला तर म्हणतात मी इन्स्टॉलच नाहीये. मग जुन्या मशीनवर रजिस्ट्री एडिटरमधून त्या गेमची की (रजिस्ट्रीतल्या फोल्डरला की म्हणतात) एक्स्पोर्ट करून आणावी लागते. आणि इथे शंभरातले नव्वद जण आपटतात, मीही आपटलोय. ३२ बिटचा गेम ६४ बिट विंडोजवर सॉफ्टवेअर ह्या की खाली बघत नाही, सॉफ्टवेअरच्या आत वाऊ६४३२नोड नावाची की असते तिच्याखाली बघतो. तर एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून सॉफ्टवेअरच्या पुढे ते नाव घुसवा, ड्राइव्हचे पत्ते नवीन जागेचे करा आणि मग इम्पोर्ट करा. रजिस्ट्रीत हात घालण्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, हे मी सांगायला नको पण सांगतो.

इन्स्टॉल झालं म्हणजे लढाई अर्धीच झाली. पुढचा राक्षस सीडी तपासणीचा, म्हणजे सीडी ओरिजिनल आहे का हे गेम सुरू होताना बघतो त्याचा. २००० च्या आसपास सेफडिस्क नावाचं संरक्षण खूप गेमांवर असायचं, त्यासाठी विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो चालवणं बंदच केलं आणि २०१५ च्याच सप्टेंबरमध्ये अपडेट देऊन विंडोज ७ आणि ८ वरही बंद केला, कारण त्यात सुरक्षेचं भोक होतं. त्यामुळे तुमची सीडी शंभर टक्के ओरिजिनल असली तरी गेम म्हणतो सीडी घाला, तुम्ही म्हणता अरे घातलीय, आणि दोघंही खरे. ह्याला उपाय दोनच चांगले, कंपनीने नंतर काढलेल्या एखाद्या अधिकृत पॅचमध्ये तपासणी काढली असेल तर तो टाकायचा, नाहीतर डिजिटल आवृत्ती विकत घ्यायची. तो जुना ड्रायव्हर कुठूनतरी आणून विंडोजची सही तपासणी बंद करून बसवायचे व्हिडिओ आहेत, त्या नादाला लागू नका, एका गेमसाठी घराची मागची भिंत पाडण्यातला प्रकार आहे. आणि नो सीडी क्रॅकच्या साइटी, तिथे हिरव्या रंगाची सात डाउनलोड बटणं असतात त्यातलं खरं एकही नसतं.

मग ग्राफिक्स. गेम सुरू होतो आणि काळी स्क्रीन, किंवा रंग चित्रविचित्र, किंवा सगळं कासवाच्या गतीने. एज ऑफ एम्पायर्सची जुनी सीडी विंडोज ७ वर ज्यांनी चालवलीय त्यांना ते जांभळं गवत आणि लाल पाणी आठवत असेल. ते २५६ रंगांच्या पॅलेटचं भांडण होतं, गेम आणि विंडोजचा एक्सप्लोरर दोघं एकाच पॅलेटवर हक्क सांगायचे. लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून खेळायचे, टास्कबार गायब, पण गवत हिरवं. आता असलं काही करू नका, डीजीव्हूडू टू घ्या. हा प्रोग्राम जुन्या डायरेक्टएक्सची, म्हणजे गेम ज्यातून ग्राफिक्स कार्डाशी बोलतो ती, भाषा नव्या डायरेक्टएक्समध्ये उलगडून सांगतो, दुभाष्यासारखा. व्हूडू नावाच्या जुन्या ग्राफिक्स कार्डांची ग्लाइड भाषासुद्धा येते त्याला. व्हूडूवाली थ्रीडीएफएक्स कंपनी २००० च्या शेवटी एनव्हिडियाने घेतली आणि ग्लाइड तिथेच मेली, पण त्या भाषेतले गेम मागे राहिले ना.

वापरायचं असं की त्याच्या फोल्डरमधल्या डीएलएल फाइली (प्रोग्रामच्या मदतनीस फाइली) गेमच्या ईएक्सई शेजारी टाकायच्या, डायरेक्टएक्सवाला गेम असेल तर एमएस फोल्डरमधल्या, ग्लाइडवाला असेल तर थ्रीडीएफएक्स फोल्डरमधल्या. आत एक्स८६ आणि एक्स६४ असे वेगवेगळे फोल्डर आहेत आणि आपलं विंडोज ६४ बिट म्हणून सगळे एक्स६४ वाले उचलतात. चूक! गेम ३२ बिटचा आहे, एक्स८६ घ्या. कोपऱ्यात त्याचा लोगो दिसायला लागला म्हणजे काम झालं, नंतर तो लोगो त्याच्या कंट्रोल पॅनेलमधून बंद करता येतो. लोगो दिसला नाही तर गेमने तुमच्या डीएलएलकडे ढुंकूनही बघितलं नाही असं समजा, आणि त्या योग्य फोल्डरमध्ये आहेत का ते आधी बघा.

ईएक्सईवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जो कंपॅटिबिलिटी टॅब असतो त्याबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. लोक तिथे जाऊन सगळ्या टिका एकदम मारतात, विंडोज ९५, ६४० बाय ४८०, कमी रंग, ॲडमिनिस्ट्रेटर, सगळंच, आणि मग गेम चालला तरी कशामुळे चालला ते कळत नाही, नाही चालला तर कशाने बिघडला तेही नाही. एका वेळी एकच टीक मारा, चालवून बघा, काढा, दुसरी मारा. मी आधी एक्सपी सर्व्हिस पॅक ३ करून बघतो, मग विंडोज ९८. गेमची खिडकी स्क्रीनबाहेर पळत असेल किंवा माउस जिथे दाखवतो तिथे क्लिक होत नसेल तर तिथल्याच हाय डीपीआयच्या बटणात जाऊन स्केलिंग ॲप्लिकेशनकडे द्या, आजकालच्या लॅपटॉपवर दीडशे टक्के स्केलिंग असतं त्याचा हा घोळ.

छोट्या छोट्या अडचणी पटापट. डायरेक्टप्ले (जुन्या गेमांना लागणारा विंडोजचा एक भाग) पाहिजे असा मेसेज आला तर कंट्रोल पॅनेलमध्ये टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ उघडा, लेगसी कंपोनंट्स, त्यात डायरेक्टप्लेला टीक. साधारण २००५ ते २०१० च्या मधला गेम डी३डीएक्स९ ने सुरू होणारी कुठलीतरी डीएलएल मागत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम घ्या, नव्या विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी त्या जुन्या मदतनीस फाइली आत नसतात. एकेक डीएलएल देणाऱ्या साइटवरून घेऊ नका. गेम भलत्याच वेगात पळत असेल किंवा अडकत असेल तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये राइट क्लिक करून सेट ॲफिनिटीत प्रोसेसरचा एकच कोर ठेवा, ह्या गेमांनी एकापेक्षा जास्त कोर आयुष्यात पाहिलेले नाहीत. जीटीए व्हाइस सिटी २००३ पासून सगळ्यांचीच, तिला सायलेंटपॅच नावाचा पॅच टाका, बऱ्याच भानगडी मिटतात, आणि फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची त्याचा लगाम) चालूच ठेवा, बंद केला की गाड्यांचं वागणं बदलतं.

आणि विंडोजच्या आधीच्या डॉसचे गेम असतील, प्रिन्स ऑफ पर्शिया किंवा डेंजरस डेव्ह, तर वर लिहिलेलं सगळं विसरा, त्यांना सरळ डॉसबॉक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम. माउंट वगैरे कमांड लिहायचा कंटाळा असेल तर गेमची ईएक्सई ओढून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडा, बाकी तो बघतो. वेग कमी-जास्त करायला कंट्रोल धरून एफ११ आणि एफ१२, फुल स्क्रीनला ऑल्ट एंटर, आणि माउस आत अडकला तर कंट्रोल एफ१०. प्रिन्स उडी मारताना खड्ड्यात पडतो तो मात्र तुमचाच दोष, त्याला पॅच नाही.

आमच्याकडे शेवटी काय झालं, तर शनिवारी पोरं आली, एचडीएमआयने टीव्हीला जोडलं, स्प्लिट स्क्रीन लावली आणि पोरांनी तीन मिनिटं खेळून विचारलं ह्यात गाडीतून उतरता येत नाही का. नाही म्हटल्यावर ती गेली मोबाइलकडे. मग मी आणि दादा बसलो. एकाच कीबोर्डवर दोघं, कोपर कोपराला लागतंय, मेन्यूत इंग्रजी रश आणि अवर हे शब्द जोडून टाइप केले की रस्ता गाड्यांनी भरतो हे त्याला अजून आठवत होतं, मला नाही. एक अडचण मात्र आली, दोघांनी मिळून चार-पाच बटणं एकदम दाबली की एखादं बटण लागतच नाही. ही गेमची चूक नाही, बऱ्याच साध्या कीबोर्डांना एकाच वेळी इतकी बटणं ओळखता येत नाहीत. एकाची बटणं डावीकडे आणि दुसऱ्याची नंबरपॅडवर अशी बदलून बघितली तर थोडा फरक पडला, पण दुसरा यूएसबी कीबोर्ड लावला तेव्हा कुठे पूर्ण गेलं. विंडोजला दोन कीबोर्ड चालतात, वेगळं काही करावं लागत नाही.

चालणारा फोल्डर मी आता झिप करून आयएसओच्या शेजारी ठेवलाय, त्यात एक टेक्स्ट फाइल, कुठला पॅच टाकला आणि कुठली टीक मारली ते लिहिलेली. दादाच्या मशीनवर विंडोज १० आहे, तिथे तोच झिप उघडला आणि काहीही न करता चालला.